व्याह्यांच्या पुढे गाडी

श्यामकांतराव विजयकरांच्या मोटारीला आजवर कोणी कोणी मागे टाकलं, याची मोजदाद ठाकूरद्वारातल्या लोकांनी केव्हाच सोडून दिली होती. बर्फाच्या लाद्यांची हातगाडी तिच्या पुढे गेली होती. गुडघे धरून, काठी टेकत देवळात जाणाऱ्या शांताकाकू पुढे गेल्या होत्या. एकदा तर पंक्चर झालेली सायकल ढकलत चाललेला एक गृहस्थ बराच वेळ शेजारून गप्पा मारत आला आणि शेवटी ‘बरंय, मला जरा घाई आहे’ म्हणून पुढे निघून गेला. इथवर सगळं ठीक होतं. पण एकोणीसशे छप्पन सालच्या आश्विनात त्यांना एका प्रेतयात्रेने ओलांडलं, आणि मग विजयकरांच्या घरात जे सुरू झालं ते थेट कॉटन ग्रीनच्या गोदामांपर्यंत जाऊन पोचलं.

त्या दिवशी श्यामकांतराव आणि यशोदाबाई दादरहून परतत होते. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, बेबीचं, लग्न दादरच्या मनमोहनराव कोठाऱ्यांच्या रघुवीरशी ठरलं होतं. लग्नाची यादी झाली होती, मुहूर्त मार्गशीर्षातला निघाला होता, आणि यशोदाबाई ठेवणीतली पैठणी नेसून, ओटीतला नारळ मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर प्रसन्नपणे बसल्या होत्या. गिरगावात शिरताना मागून चंदनवाडीकडे निघालेली एक मयत आली. मडकं धरलेल्या माणसाने हाताने खूण केली, ‘घ्या पुढे, घ्या.’ श्यामकांतरावांनी गाडी थांबवली, टोपी काढली, हात जोडले आणि खिडकीतून अदबीने म्हणाले, “आपण आधी.”

चाळीसएक माणसं गाडीच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. त्यातल्या दोघातिघांनी आत वाकून पैठणीकडे पाहिलं आणि मान हलवली. ती सहानुभूती यशोदाबाईंच्या जिव्हारी लागली. घरी आल्या आल्या त्यांनी नारळ देवापुढे ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, “देवाशपथ सांगते, ह्यापुढे त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. बेबीच्या सीमांतपूजनाला मी बसने येईन.”

आता हे सीमांतपूजन म्हणजे काय साधी गोष्ट? लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलीच्या आईबापांनी वराकडच्यांना सामोरं जायचं, नवऱ्या मुलाचे पाय धुवायचे, व्याही-विहिणींचा मान करायचा. दोन्हीकडचे दोनअडीचशे लोक डोळ्यांत तेल घालून बघत असणार. त्यांच्या देखत मुलीचा बाप स्वतःच्या मोटारीतून उतरणार आणि मुलीची आई पूजेचं ताट सांभाळत बसमधून! शिवाय बस आधी पोचणार, हे दुःख वेगळंच. श्यामकांतरावांना रात्रभर झोप लागली नाही.

वास्तविक त्यांना गाडी येत होती. बारा वर्षांचा परवाना होता आणि त्यावर डाग म्हणून नव्हता. भीतीही नव्हती. नडत होते ते संस्कार. विजयकरांच्या घराण्यात कोणाच्या पुढे जायची पद्धतच नव्हती. पंगतीत ते शेवटी बसत, दारातून शेवटी बाहेर पडत, आणि कचेरीत त्यांच्या मागून लागलेले तीन कारकून त्यांच्या आधी बढती घेऊन गेले तेव्हा त्यांनी तिघांचंही पेढे देऊन अभिनंदन केलं होतं. असा माणूस मोटारीत बसला म्हणून काय एकाएकी उद्धट होणार?

उपाय सांगितला तो समोरच्या बिऱ्हाडातल्या अच्युतराव तळपद्यांनी. अच्युतराव कस्टममधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती, त्यामुळे मोटारींविषयीची त्यांची मतं अगदी निःपक्षपाती असत.

“श्यामराव, तुम्ही रेसवाल्यांच्या शाळेत जा,” ते म्हणाले. “कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे कॅप्टन घडियाळी म्हणून एक पारशी आहे. चार रविवारचा कोर्स. माझ्या ओळखीचा एक डॉक्टर तिथे जाऊन आला. आता तो पेशंटकडे इतक्या लवकर पोचतो की, पेशंटला आजारी पडायलासुद्धा वेळ मिळत नाही.”

“पण अच्युतराव, ह्या वयात?”

“वयाचं काय घेऊन बसलात! शिकायला वय नसतं. शिकवणाऱ्याला असावं लागतं.”

ह्या वाक्याचा अर्थ श्यामकांतरावांना कळला नाही, पण ते पटलं. यशोदाबाईंना विचारलं तर त्यांनी तांदूळ निवडता निवडता निकाल दिला, “त्या पारशाचं सर्टिफिकेट आणून दाखवा, मग बसायचं का ते बघू.” म्हणजे वाट होती. फक्त ती सर्टिफिकेटातून जात होती.

शाळेचा अर्ज आला. त्यात डॉक्टरचा दाखला हवा होता आणि बायकोची लेखी संमती. डॉक्टरने नाडी पाहून ‘हृदय उत्तम, वापर कमी’ असं लिहून दिलं. यशोदाबाईंनी संमतीच्या रकान्यात स्वच्छ बाळबोध अक्षरांत लिहिलं, ‘माझी हरकत नाही. गाडीचीही नसावी.’ खरी अडचण आली ती कचेरीत. श्यामकांतराव सरकारी नोकर. सरकारी नोकराने जिवावरचा उद्योग करायचा तर वरिष्ठांची परवानगी घ्यावी, असं त्यांना आपलं वाटलं. कोणी विचारलं नव्हतं, पण वाटलं. त्यांनी अर्ज केला. अर्ज रजेच्या टेबलावर गेला. तिथल्या कारकुनाने शेरा मारला की रविवारी रजा लागत नाही, सबब देता येत नाही, आणि जी रजा देता येत नाही ती घेऊन अर्जदार काय करणार याचा खुलासा व्हावा. खुलाशावर पुढच्या टेबलाने विचारलं की, रविवारी अर्जदार सरकारी नोकर असतो किंवा कसे. ह्या प्रश्नावर आठ दिवस सगळी कचेरी विचारात पडली होती. शेवटी फाईल अकरा सह्या घेऊन परत आली. प्रत्येक सहीखाली एकच शब्द होता, ‘पाहिले’. एवढ्या लोकांनी पाहिल्यावर आता करणं भाग होतं.

पहिल्या रविवारी सकाळी कालिंदीकाकूंनी, म्हणजे अच्युतरावांच्या सौभाग्यवतींनी, गाडीची साग्रसंगीत पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हातभर हार, चाकाखाली लिंबू. श्यामकांतरावांच्या तळहातावर दही पडलं. मग असं ठरलं की, पहिलाच दिवस आहे, एकट्याने पाठवू नये. म्हणून अच्युतराव बसले. वाटेत खायला केलेलं भानोलं खराब होऊ नये म्हणून ते सांभाळायला कालिंदीकाकू बसल्या. पाथरे प्रभूंच्या घरात कोलंबी घालून भाजलेलं भानोलं केलं आणि ते घरीच ठेवून बाहेर पडले, असं कधी झालेलं नाही. तळपद्यांकडे मुंबई बघायला आलेले तीन पाहुणे होते, त्यांनाही घेतलं. यशोदाबाई तेवढ्या गॅलरीतून बघत राहिल्या.

आता ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबईची हवाच अशी होती की, चार माणसं एका दिशेने चालायला लागली की, पाचवा विचारीत नसे, नुसता मिळत असे. श्यामकांतराव पाच माणसं घेऊन, हार घातलेली काळी मॉरिस ताशी चार मैलांनी हाकीत लालबागेत शिरले, आणि रविवारची सुट्टी म्हणून चहाच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या गिरणीकामगारांना काय वाटायचं ते वाटलं. टोपीवाला पुढारी, गाडीला हार, चाल मोर्चाची. कोणीतरी आवाज टाकला, “संयुक्त महाराष्ट्र...”

“झालाच पाहिजे!” गाडीतून अच्युतराव ओरडले. त्यांना राहवलंच नाही.

झालं! बघता बघता मागे शंभर माणसं झाली. एकाने कुठून तरी झेंडा आणला. श्यामकांतराव घामाघूम झाले. मनातून तेही संयुक्त महाराष्ट्राचेच होते, पण मनातून. सरकारी नोकर मोर्चाच्या अग्रभागी! ती अकरा सह्यांची फाईल आता कोणत्या टेबलावर जाईल, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसायला लागलं. त्यांनी मागच्यांना हाताने ‘परत जा, परत जा’ अशी खूण केली. लोकांना वाटलं पुढारी अभिवादन करताहेत. जयजयकार दुप्पट झाला.

काळाचौकीला एका हवालदाराने काठी आडवी धरली. मिशा भरघोस, बोलणं मालवणी.

“सायेब, ह्यो मोर्चो कोणाचो?”

“अहो मोर्चा नाही हो! आम्ही वर्गाला चाललोय.”

“कसल्या वर्गाक?”

“गाडी जोरात चालवायच्या,” श्यामकांतराव खालच्या आवाजात म्हणाले.

हवालदाराने हाराकडे पाहिलं, मागच्या शंभर माणसांकडे पाहिलं. “पाचांपेक्षा जास्त माणसांचो जमाव करूक मनाई आसा. तुम्ही गाडीतच सहा आसात.”

अच्युतराव निवृत्त असले तरी कायदा त्यांच्या अंगात होता. ते म्हणाले, “हवालदार, जमाव उभा असतो. आमची गाडी चालते आहे. चालत्या गाडीला कायद्याने जमाव म्हणता येत नाही.”

“गाडी चलता असा कोण म्हणता?” हवालदार म्हणाला. “मी लालबागापासून तुमच्यावांगडा चलत इलंय.”

अच्युतरावांनी स्वतःच मागचं दार उघडलं. तीन पाहुण्यांना उतरवण्यात आलं. हवालदाराने हार काढून कालिंदीकाकूंच्या हातात दिला, तेव्हा कुठे लोकांचा भ्रमनिरास होऊन ते पांगले. जाता जाता एक कामगार खिडकीशी येऊन म्हणाला, “साहेब, पुढच्या वेळी जरा लवकर या. सभेला लई माणूस मिळंल.” श्यामकांतरावांनी त्यालाही नमस्कार केला.

शाळा म्हणजे गोदामांमागचं एक अवाढव्य काँक्रीटचं पटांगण. त्यावर चुन्याने आखलेली अर्ध्या मैलाची लंबगोल वाट, आणि वळणावळणावर रचलेल्या कापसाच्या गाठी, म्हणजे कोणी घसरलाच तर मऊ जागी पडावा. कॅप्टन घडियाळी साठीचे, पांढरी पॅन्ट, हातात दोन स्टॉपवॉच. ते कोणत्या पलटणीचे कॅप्टन होते हे विचारायची कोणाची छाती नव्हती. त्यांनी श्यामकांतरावांची एक फेरी पाहिली. दोन्ही स्टॉपवॉच कानाला लावून बंद पडली नाहीत ना, याची खात्री केली.

“विजयकर साहेब,” ते म्हणाले, “मारी नानी हेच्यापेक्षा जोरात जायची. नी ती तर चालत जायची! तो ब्रेक काय तुमच्या बापाची इस्टेट हाय, असा पाय ठेवून बसले ते? उचला नी!”

श्यामकांतरावांनी पाय उचलला. कॅप्टनसाहेब शेजारी बसले आणि तोच पाय अॅक्सिलरेटरवर ठेवायला लावून त्यावर स्वतःचा बूट दाबला. गाडी वीसवर गेली, तिसावर गेली, चाळीसवर गेली. वाऱ्याने टोपी मागच्या सीटवर उडाली. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. श्यामकांतरावांना मजा आली! लहानपणी नागपंचमीच्या झोक्यावर पोटात जे व्हायचं ते बावन्नाव्या वर्षी पुन्हा झालं. पुढे कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाला ‘आपण आधी’ म्हणायचा प्रश्न नव्हता. त्या संध्याकाळी ते घरी येऊन आंघोळीला गेले ते गात गातच. यशोदाबाईंनी तांब्या हातात धरून ऐकलं आणि त्यांना किंचित हसू आलं, पण शपथ ती शपथ.

दुसऱ्या रविवारी ते एकटेच गेले. लिंबू नाही, पाहुणे नाहीत. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीला वळणावर समोरच्या अंगाने एक निळी हिलमन येताना दिसली आणि तिच्या काचेआड जो चेहरा दिसला तो पाहून श्यामकांतराव सीटवरच सावरून बसले. मनमोहनराव कोठारे! व्याही! मुलाची वरात स्वतः हाकायची म्हणून त्यांनी नुकतीच जुनी हिलमन घेतली होती आणि ते त्याच सकाळी शाळेत दाखल झाले होते, त्यामुळे वाट कोणत्या बाजूने फिरायची हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

आता, मुलीच्या बापाला वराचा बाप दिसला तर तो काय करील? जे करायला हवं तेच श्यामकांतरावांनी केलं. त्यांनी दोन्ही हात जोडून, मान लववून नमस्कार केला. ताशी पस्तीस मैलांनी. आणि कोठारेही घरंदाज माणूस. व्याह्यांचा नमस्कार एका हाताने घ्यायचा, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनीही दोन्ही हात जोडले. मॉरिस डावीकडच्या गाठींत घुसली, हिलमन उजवीकडच्या. धूळ खाली बसली, कापूस हवेत राहिला. दोन्ही व्याही पिंजाऱ्यांसारखे पांढरे होऊन आपापल्या गाडीतून उतरले आणि धावत जाऊन एकमेकांना म्हणाले, “कसं काय, घरी सगळे बरे?”

कॅप्टन घडियाळी एका गाठीवर बसून राहिले होते. “चौतीस वरस झाले मला,” ते म्हणाले. “एक्सिडेंट लई पायले. मॅनर्सनी झालेला पयला.”

तिथून श्यामकांतरावांच्या विद्येला उतरती कळा लागली. कारण शाळेचा मुख्य धडाच पुढे जाण्याचा. तिसऱ्या रविवारी दोघांना एका मागे एक सोडलं. मनमोहनराव पुढे, श्यामकांतराव मागे. मनमोहनराव सभ्यपणे गाडी बाजूला घेत आणि हात दाखवीत, ‘या पुढे.’ मुलीचा बाप त्याहून सभ्य. तो आणखी हळू होई. सहा फेऱ्या झाल्या आणि दोन गाड्यांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. फक्त वेग ताशी तीस मैलांवरून सहावर आला.

ठाकूरद्वारात यावर परिषद भरली. कालिंदीकाकूंनी स्पष्टच सांगितलं, “श्यामभाऊजी, वराकडच्यांच्या पुढे जायचं नाही म्हणजे नाही. माझ्या मावशीच्या लग्नात मुलीचा काका विहिणीआधी पाटावर बसला, तर तिला पंचवीस वर्षं ऐकावं लागलं. लेकीला नांदायचंय तिथे.” ही गोष्ट मात्र श्यामकांतरावांच्या मनात खोल गेली. बेबीला कोणी टोचून बोलेल, आणि तेही आपल्यामुळे, ह्या विचाराने ते उठून येरझारा घालायला लागले. इकडे सर्टिफिकेट नाही मिळालं तर बायको बसमध्ये, तिकडे मिळालं तर लेकीच्या कपाळी बोलणी.

अच्युतरावांनी तोडगा काढला की, रीतसर पत्र लिहून परवानगी मागावी. श्यामकांतरावांना हे फार आवडलं. त्यांनी कचेरीतल्या सवयीने मसुदा केला, तीनदा खोडला आणि पाठवला: ‘येत्या रविवारी परीक्षेनिमित्त आपल्या गाडीच्या पुढे जाण्याचा प्रसंग येण्याचा संभव आहे. त्यात कोणत्याही प्रकारे वरपक्षाचा अवमान करण्याचा हेतू नाही. तरी परवानगी असावी, ही विनंती.’

उलट टपाली उत्तर आलं: ‘पत्र पावले. आमची व्यक्तिशः हरकत नाही. मात्र आपण पुढे गेल्यास आम्ही मागे राहू, या बाबीवर घरात विचार चालू आहे.’

घरात विचार चालू आहे! म्हणजे सुनंदाबाई. बेबीची होणारी सासू. हे पत्र वाचून श्यामकांतरावांनी जेवणसुद्धा टाकलं.

चौथ्या रविवारी परीक्षा होती. बाकीचे तीन विद्यार्थी सकाळीच पास होऊन गेले. उरले दोन व्याही. कॅप्टन घडियाळींनी नियम सांगितला: चार फेऱ्या, जो शेवटी पुढे असेल त्याला सर्टिफिकेट, मागच्याला नाही. “नी नमस्कार करायचा असेल तर आताच करून घ्या,” त्यांनी बजावलं. दोघांनी करून घेतला.

त्या दिवशी दोघांचीही कुटुंबं आली होती. सुनंदाबाई नवऱ्याच्या हिलमनमधून, यशोदाबाई कालिंदीकाकूंबरोबर बसने. दोन्ही विहिणींना एकाच कापसाच्या गाठीवर सतरंजी घालून बसवलं होतं. यशोदाबाईंनी रीतीप्रमाणे डबा उघडून आधी विहिणीपुढे धरला.

गाड्या सुटल्या. हिलमन पुढे, मॉरिस मागे. सुनंदाबाईंनी एक करंजी उचलली आणि म्हणाल्या, “आमचे हे पुढेच असतात हो नेहमी. कोठाऱ्यांकडे मागे राहायची सवयच नाही.”

“हो का? छानच आहे,” यशोदाबाई म्हणाल्या.

दुसरी फेरी झाली. गाड्या दहा मैलांवर आल्या. “तुमच्या ह्यांचं मला कौतुक वाटतं,” सुनंदाबाई म्हणाल्या. “किती समजूतदार! जागा ओळखून असतात. मुलीकडच्यांनी मागेच राहावं, तेच शोभून दिसतं. बेबीलाही तेच शिकवलं असेल तुम्ही.”

यशोदाबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

तिसऱ्या फेरीत दोन्ही गाड्या विहिणींच्या समोरच चक्क थांबल्या. मनमोहनरावांनी काच खाली केली. “श्यामकांतराव, व्हा की पुढे!”

“छे छे. वरपक्ष आधी.”

“अहो, पत्रात लिहिलं होतं ना मी?”

“त्यातच लिहिलं होतंत, घरात विचार चालू आहे म्हणून.”

मनमोहनरावांनी गाठीकडे चोरून पाहिलं आणि आवाज उतरवला. “तो अजून चालूच आहे.”

कॅप्टन घडियाळींनी स्टॉपवॉच खिशात घातली आणि पाइप पेटवला. श्यामकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. तिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं आणि तिच्याच देखत ते मातीत चाललं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘मला माफ कर’ असं काहीसं ते पुटपुटले, पण इंजिनाच्या आवाजात ते त्यांनाच ऐकू गेलं नाही.

यशोदाबाई उठल्या. पदर खोचला. चुन्याची रेघ ओलांडून सरळ मॉरिसपाशी आल्या, दार उघडलं आणि आत बसल्या.

श्यामकांतरावांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. “अगं, तुझी शपथ?”

“मीच घेतली होती, मीच मोडली. चला.”

“पण व्याही...”

“व्याही-विहिणींचं मी बघते. तुम्ही रस्ता बघा.”

“आणि बेबी? उद्या तिला कोणी बोललं तर?”

“आज तिचा बाप मागे राहिला, तर उद्या ती जन्मभर मागे राहील,” यशोदाबाई म्हणाल्या. “दाबा ते काय असतं ते.”

श्यामकांतरावांनी दाबलं. बारा वर्षांत त्या गाडीने जो आवाज कधी काढला नव्हता तो तिने काढला, आणि ती हिलमनच्या बाजूने अशी निघाली की, मनमोहनरावांचा ‘या, या’ म्हणून वर झालेला हात तसाच राहिला. वीस. तीस. पहिलं वळण आलं, गाठी अंगावर आल्या, यशोदाबाईंनी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा गाठी मागे होत्या. त्यांच्या अंबाड्यातला गजरा सुटून मागच्या सीटवर जाऊन पडला. आणि त्या हसायला लागल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण श्यामकांतरावांनी त्यांना असं खळखळून हसताना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तेही लग्नाआधी आणि लांबून.

“ते कुठे आहेत?” त्यांनी समोर बघत विचारलं.

यशोदाबाईंनी मागे वळून पाहिलं. “मागे. पुष्कळ मागे. अहो, अजून एक फेरी आहे ना?”

“आहे की!”

“मग सीमांतपूजनाला मला असंच न्यायचं. ताट मी घट्ट धरीन.”

चौथी फेरी त्यांनी पंचेचाळीसवर मारली. कालिंदीकाकू गाठीवर उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या, आणि गोदामाचा पहारेकरी आपली जागा सोडून बघायला आला होता. गाडी रेघेवर थांबली तरी श्यामकांतरावांनी चाक सोडलं नव्हतं. इतका आनंद त्यांना बढती मिळाली असती तरी झाला नसता. कॅप्टन घडियाळी सर्टिफिकेटाचा कोरा कागद आणि पेन घेऊन आले आणि खिडकीत वाकले. “नाव कोनाचा लिहू? तुमचा के बाईचा?”

तेवढ्यात हिलमन सावकाश येऊन मागे थांबली. काय करून बसलो, हे श्यामकांतरावांच्या तेव्हा ध्यानात आलं. वराच्या बापाला, भर पटांगणात, पाऊण फेरीने मागे टाकलं होतं! ते लगबगीने खाली उतरले. मनमोहनरावही उतरले. त्यांनी टोपी सारखी केली, कोटाची बटणं लावली आणि व्याह्यांच्या समोर येऊन गंभीरपणे विचारलं, “श्यामकांतराव, एक विचारू? आमची होणारी सून स्वभावाने तुमच्यावर गेलीय की विहीणबाईंवर?”

खोटं बोलायची श्यामकांतरावांना सवय नव्हती. “तिच्या आईवर.”

मनमोहनराव कॅप्टन घडियाळींकडे वळले. “कॅप्टनसाहेब, आमच्या रघुवीरचं नाव लिहून घ्या. लग्नाआधी दोन रविवार आहेत.”

कालिंदीकाकूंना हसू आवरेना. पण श्यामकांतराव हसले नाहीत. त्यांचे डोळे त्या गाठीकडे लागले होते. कारण खरा निकाल तिथून यायचा होता, आणि सुनंदाबाई उठून सतरंजीची घडी करीत होत्या. ती त्यांनी काखेत मारली, करंज्यांचा डबा उचलला आणि चुन्याची रेघ ओलांडून ताठ मानेने चालत आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. हिलमनकडेही नाही. यशोदाबाई खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या, तयारीत.

सुनंदाबाईंनी मॉरिसचं मागचं दार उघडलं, सीटवरचा गजरा उचलून आपल्या अंबाड्यात खोवला आणि ऐसपैस बसल्या.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “दादरपर्यंत सोडा मला. ह्यांच्याबरोबर निघाले तर मी पोचेपर्यंत लग्न आटपलेलं असेल.”